सांगलीतली शके १८५७ ची भाडेकरू इमारत: काळ, शैली आणि निसटत चाललेल्या गॅलऱ्या

वखारभाग

गावभागाच्या बाजूला रस्त्याच्या वळणावर एक तळमजला अधिक दोन मजल्यांची भाडेकरूंची इमारत आहे. खाली दुकानं, वर प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडं. कोपऱ्यावरची गॅलरी गोल फिरवलेली आहे आणि कठड्याला तीन आडव्या लोखंडी नळ्या आहेत. खिडक्यांच्या डोक्यावरून सलग छज्जा जातो. जिन्याच्या दर्शनी भिंतीत वरपासून खालपर्यंत रंगीत काचेची उभी पट्टी आहे. गच्चीचा कठडा पायऱ्या-पायऱ्यांनी मध्यभागी उंच होतो आणि तिथे सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांत ‘शके १८५७’ लिहिलंय.

जोतं काळ्या घडीव दगडाचं. विटांच्या भिंती खाली १८ इंची, वर साडेतेरा इंची. खोल्यांच्या छतात लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या चपट्या कमानी आहेत. गॅलऱ्या, छज्जे आणि जिना मात्र सिमेंट-सळईचे.

अडचणी दोन. पहिली, गॅलऱ्यांच्या खालच्या बाजूचे पापुद्रे पडून सळया उघड्या झाल्यात. पहिल्या मजल्यावर दोन बिऱ्हाडांनी नळ्या काढून विटांचा कठडा बांधलाय आणि जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवलीय. दुसरी, २०१९ च्या पुरात तळमजल्यावर चार फूट पाणी होतं. त्यानंतर दोनदा सिमेंटचं प्लास्टर केलं, दोन्ही वेळा वर्षभरात फुगून सुटलं.

विचारायचं हे: ही इमारत खरंच त्या वर्षाची आहे का, आणि हिला कोणत्या शैलीत धरायचं? गॅलऱ्या पाडून नव्या करायच्या की दुरुस्त होतील? खालच्या भिंतींना काय लावायचं?

---

जुनेनकाशे

आधी सालाचं. शके १८५७ म्हणजे १९३५ चा पाडवा ते १९३६ चा पाडवा. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. कठडा हा बांधकामाचा शेवटचा भाग, त्यामुळे त्यावरचं साल बहुधा वास्तुशांतीचं असतं. तरी कागदाशी ताडून पाहा.

नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका, पालिकेचा कर आकारणीचा जुना उतारा आणि खरेदीखतांची साखळी, हे तीन कागद पुरतात. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं, १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणून त्याआधीच्या कागदांवर संस्थानचे शिक्के असणार. ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असं लिहिलेलं असेल तर तो कागद १९४९ ते १९६० मधला, कारण नंतर जिल्ह्याचं नाव सांगली झालं. भाडेपावतीवर रुपये-आणे-पै असेल तर ती बहुतेक १९५७ पूर्वीची. साताऱ्यात हेच काम करायचं असेल तर वाट वेगळी. सातारा १८४८ मध्येच खालसा झालं होतं, त्यामुळे तिथले कागद सुरुवातीपासून ब्रिटिश कलेक्टरीच्या पद्धतीचे मिळतात.

आता शैली. गोल कोपरा, आडवे पट्टे, जहाजाच्या डेकसारख्या नळ्या, खिडकीवरचा सलग छज्जा, जिन्याची उभी काच, पायऱ्यांचा कठडा: ही सगळी आर्ट डेकोची लक्षणं. हे नाव १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावरून आलं, पण रूढ झालं ते १९६० च्या दशकात. इमारत उठली तेव्हा लोक नुसतं ‘मॉडर्न’ म्हणत. मुंबईत रीगल १९३३ चं, इरॉस १९३८ चं. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची रांग आणि मरीन ड्राइव्ह ही बॅकबेच्या भरावावर त्याच सुमारास उभी राहिली. ओव्हलभोवतीचा तो सगळा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. मात्र तुमच्या इमारतीचं जवळचं नातं ओव्हलपेक्षा दादर-माटुंग्याशी आहे. तिथे मध्यमवर्गासाठी ‘ब्लॉक’ बांधले गेले. चाळीत मोरी खोलीत आणि संडास गॅलरीच्या टोकाला सामाईक. ब्लॉकमध्ये स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास हे सगळं एका दाराच्या आत. तुमच्या बिऱ्हाडांना स्वतंत्र संडास मुळापासून आहेत की नंतर काढलेले, हे मागच्या बाजूने बघा. मागे अरुंद सफाई गल्ली, लोखंडी गोल जिना किंवा भिंतीच्या पायथ्याशी विटांनी बुजवलेली चौकोनी भोकं दिसली, तर मूळचे संडास टोपलीचे होते, म्हणजे मैला टोपलीत पडे आणि मागून उचलून नेला जाई.

मुंबईची नक्कल म्हणून या इमारतीला कमी लेखू नका. मरीन ड्राइव्हच्या इमारतींना सिमेंट-सळईचा सांगाडा आहे. इथे भिंतीच भार घेतात. विटा कृष्णाकाठच्या मातीच्या, चुना आसपासच्या चुनखडीचा, म्हणजे दोन्ही घरचं. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचा कारखाना निघाला आणि १९३६ मध्ये दहा कंपन्या मिळून एसीसी (असोसिएटेड सिमेंट कंपनीज) झाली, तोवर देशी सिमेंट बाजारात रुळलं होतं. पण इथे ते मीटरगेजच्या वॅगनमधून येई आणि वाहतुकीचा खर्च अंगावर बसे. म्हणून बांधणाऱ्याने हिशेब केला: भिंती आणि मजले जुन्या पद्धतीने, सिमेंट-सळई फक्त जिथे हात पुढे काढायचा तिथे, म्हणजे गॅलरी, छज्जा, जिना. नवेपणा जिथे दिसतो तिथेच नवं साहित्य. आज नेमके तेच भाग आजारी आहेत, आणि दुरुस्तीत दोन्ही साहित्यांना एकच औषध दिलं तर दोन्ही बिघडतात.

गर्डरची बाजू खरवडून पाहा. ‘डोरमन लाँग’ किंवा ‘टाटा’ अशी उठावाची अक्षरं सापडली तर फोटो टाका.

---

सळई_आणि_खडी

गॅलऱ्यांबद्दल. हातोडा घेण्याआधी टेके लावा. टेका थेट जमिनीपासून वरपर्यंत एका ओळंब्यात हवा. खालच्या गॅलरीवर टेकवून वरची धरली तर दोन्हींचा भार खालचीवर येतो. टेक्याखाली लाकडी फळी आणि वर आडवा वासा द्या.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आत-बाहेर भिंतींवर टेकलेल्या स्लॅबची मुख्य सळई खाली असते, पुढे काढलेल्या गॅलरीची वर असते. खालून जी गंजलेली सळई दिसते ती बहुतेक आडवी, भार पसरवणारी जुळणीची. गॅलरी ज्या सळईवर लटकली आहे ती फरशीच्या खाली, न दिसणारी आहे, आणि फरशीच्या सांध्यांतून मुरणारं पाणी आधी तिलाच लागतं. खालून गुळगुळीत प्लास्टर करून दिलेली गॅलरी म्हणूनच सगळ्यात फसवी.

तपासणीचा क्रम असा:

१) अर्धा किलोच्या हातोडीने खालून-वरून ठोकून बघायचं. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खडूने गोल.

२) भिंतीलगत, गॅलरीच्या मुळाशी, फरशी उचलून एक फूट रुंदीची दोन भोकं. वरची सळई उघडी करून कॅलिपरने व्यास मोजायचा. त्या काळातली सळई साधी गोल, टोकाला आकडा वळवलेली असते. आजच्यासारखे खवले नसतात.

३) ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फेनॉल्फथॅलीनचा फवारा. गुलाबी झालं तर काँक्रीटमधली अल्कली शाबूत. रंग आला नाही तेवढ्या खोलीपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलाय आणि तिथे सळईला संरक्षण राहिलेलं नाही. गंजलेलं लोखंड मूळच्या दोन ते सहा पट जागा घेतं, म्हणून पापुद्रा ढकलला जातो.

४) स्लॅबचा तोल कोण धरतोय ते शोधा. आत विटांच्या कमानी आहेत, म्हणजे गॅलरीची सळई आतल्या स्लॅबमध्ये गेलेली नाही. एक तर आतलेच गर्डर बाहेर काढलेत, नाहीतर स्लॅबचं शेपूट भिंतीत दाबलंय आणि वरच्या भिंतीच्या वजनावर ते बसलंय. दुसरा प्रकार असेल तर गॅलरीच्या दारावरची किंवा बाजूची भिंत फोडून खिडकी मोठी करणं म्हणजे तराजूचं वजन उचलणं. सगळ्यात वरच्या मजल्यावर हे वजन मुळात कमी असतं.

आता विटांचा कठडा. साडेचार इंची, तीन फूट उंच भिंतीचं वजन प्लास्टर सोडून दर मीटरला सुमारे २०० किलो. गॅलरी चार फूट, म्हणजे १.२ मीटर पुढे असेल, तर मुळाशी तिचा ताण अंदाजे २३० किलो-मीटर. चार इंची स्लॅबच्या स्वतःच्या वजनाचा ताण १८० च्या आसपास. म्हणजे टोकावर टांगलेल्या या एका कठड्याने मुळाशी मूळ स्लॅबपेक्षा जास्त ताण आणलाय. दुसरी फरशी तिच्या मालासकट ५० मिलिमीटर जाड असेल तर चौरस मीटरला आणखी शंभर-सव्वाशे किलो. टेके लागले की आधी हे दोन्ही काढा. बाकीचं काम दोन महिन्यांनी सुरू झालं तरी चालेल.

---

वखारभाग

टेके लावले, एका गॅलरीत भोकं पाडली. वरची सळई तीन सूत जाडीची आहे. भिंतीलगत ती ८ मिलिमीटरच भरते. वरचं आवरण १२ ते १५ मिलिमीटर. फवाऱ्याचा रंग ३५ मिलिमीटरपर्यंत आला नाही. दर सहा फुटांवर आतला गर्डर बाहेर आलेला आहे. तो चुन्याच्या जाड थरात होता, भिंतीतल्या टोकाला थोडा गंज आहे.

---

सळई_आणि_खडी

गर्डर बाहेर आलाय ही चांगली बातमी, तोल भिंतीच्या मर्जीवर नाही. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. ८ उरली तर क्षेत्रफळ सुमारे ३० टक्के घटलं. घट २० टक्क्यांच्या वर गेली की नुसता लेप लावून चालत नाही, जोडीला नवी सळई लागतेच.

गॅलरी पाडू नका, पण काम वरून करा. फरशी आणि कोबा काढून सळईच्या खाली २० ते २५ मिलिमीटर मोकळं होईल इतकं काँक्रीट छिन्नीने काढायचं. ब्रेकर वापरला तर धक्क्याने चांगला भागही सुटतो. सळईच्या नुसत्या वरच्या बाजूचं काढून थांबलं तर मागचा गंज तसाच राहतो आणि पाच-सहा वर्षांत पापुद्रा परत सुटतो. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करून त्याच दिवशी जस्ताचा लेप. रात्रीच्या दवात सोडली तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल.

नवी सळई जुन्यांच्या मधोमध, आणि ती गर्डरच्या ओळीत नीट अडकवून. जुन्या सळईला वेल्डिंग करू नका. त्या काळच्या पोलादातला कार्बन तपासल्याशिवाय कळत नाही, आणि वेल्डजवळ ती ठिसूळ होऊ शकते. तारेने बांधून पुरेसा जोड द्या. साध्या गोल सळईशी जोड व्यासाच्या पन्नास पट धरा.

मग जोडणीचा लेप, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मिसळलेला मसाला, एका थरात १० ते १५ मिलिमीटर. पूर्ण जाडी एकदम भरली तर खालच्या बाजूला स्वतःच्या वजनाने लोंबतो. निदान सात दिवस ओलं गोणपाट. वर गटाराच्या दिशेने शंभराला एक उतार आणि टोकाला खालून अर्धा इंच खोल खाच, म्हणजे पाणी तिथेच तुटून ठिबकेल. मूळ बांधणीत ही खाच बहुधा असते, रंगाच्या थरांनी बुजलेली. टेके किमान २१ दिवसांनी, आणि काढताना टोकाकडून भिंतीकडे. भिंतीजवळचा आधी काढला तर गॅलरी टोकाच्या टेक्यावर टेकते आणि मधे खालच्या बाजूला भलताच ताण येतो.

हे सगळं स्ट्रक्चरल अभियंत्याच्या आकडेमोडीवर आणि सहीवर व्हावं. महापालिका कायद्याच्या २६५अ कलमाखाली ३० वर्षांवरच्या इमारतींना संरचना तपासणी लागतेच. अहवालात वर्ग विचारा: सी-१ म्हणजे धोकादायक, ताबडतोब रिकामी, सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनेची दुरुस्ती. तुम्ही दिलेल्या मोजमापांवरून ही पाडण्याची केस वाटत नाही, तरी वर्ग त्यांनी ठरवायचा.

---

चुनाघाणी

खालच्या भिंतींसाठी सिमेंटला हात लावू नका, कितीही लवकर वाळतं म्हणून सांगितलं तरी.

१८ इंची चुन्याच्या जोडणीतली विटांची भिंत पुरात आतपर्यंत भिजते. ढोबळ हिशेब असा की भिंत महिन्याला एक इंच सुकते. दोन्ही बाजू उघड्या असतील तर नऊ इंचांचं अंतर, म्हणजे नऊ महिने. तुम्ही त्याआधी सिमेंटने ती बंद केली. पाणी बाहेर यायला बघतं, सोबत क्षार आणतं, आणि सिमेंटच्या मागे वाळून ते क्षार स्फटिक होतात. प्लास्टर फुगतं ते त्यामुळे. मिस्त्रीच्या हाताचा दोष नाही.

सिमेंटचं प्लास्टर क्षारांच्या पांढऱ्या रेषेच्या वर दोन-तीन फुटांपर्यंत काढा. सांधे २० मिलिमीटर खोल खरवडा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून पोत्यात भरून बाहेर न्या. धुतले तर ते परत आत शिरतात. मग दारं-खिडक्या उघड्या ठेवून थांबा. भिंत हाताला कोरडी लागते त्यावर जाऊ नका, दोन महिने झाडूनही पांढरं परत येतंय का ते पाहा.

लेप: किमान पंधरा दिवस पाण्यात मुरवलेला चुना १ भाग, विटांची सुरकी (भुकटी) १ भाग, धुतलेली जाडसर वाळू २ भाग. वरच्या कोरड्या भागात सुरकी नको, चुना १ आणि वाळू ३. थर १० ते १२ मिलिमीटर, पहिला बोटाच्या नखाने जेमतेम खरडला जाईल इतका घट्ट झाल्यावर दुसरा. उन्हाळ्यात काम असेल तर ओलं गोणपाट आठवडाभर, कारण चुना फार लवकर वाळला की भुकटी होतो. वर चुन्याची सफेदी. प्लास्टिक रंग लावला तर परत तीच कोंडी.

आणखी एक. इतक्या वर्षांत रस्ता चढत गेला असेल. मूळ जोत्याच्या किती पायऱ्या गाडल्या गेल्या ते मोजा. जोत्याचा दगड रस्त्याखाली गेला असेल तर पूर नसतानाही ओल चढते. भिंतीलगत फूटभर रुंदीची, जाड खडी भरलेली नाली काढता आली तर बरं. आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट आहे, २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर होतं. तेवढं पुन्हा येईल असं धरूनच खाली असं साहित्य वापरा जे भिजून परत सुकतं. जिप्सम आणि प्लायवूड नको.

---

फरशीपेठ

गॅलरीतली जुनी फरशी टाकून देऊ नका. आठ इंची रंगीत नक्षीची सिमेंटची फरशी असेल तर पाठ बघा, उत्पादकाचं नाव दाबलेलं असतं. मुंबईची भारत १९२२ पासूनची. जिन्यात किंवा देवघराच्या भिंतीला चकचकीत उठावाच्या टाइल्स असतील आणि मागे ‘मेड इन जपान’ असेल, तर त्या १९४१ पूर्वीच्या. जपानशी युद्ध पेटल्यावर ती आयात बंद झाली.

काढताना सांध्यात पातळ करवतीचं पातं चालवा आणि खालून पहार न घालता रुंद छिन्नीने उचला. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने ओळ आणि क्रमांक. नक्षीच्या फरशीला रंगाचा थर तीन-चार मिलिमीटरच असतो, म्हणून मशीन पॉलिश करू नका. चिप्सच्या मोझॅकला चालतं. ॲसिड दोन्हींना नको.

संडासांबद्दल वर लिहिलंय ते महत्त्वाचं. टोपलीचे संडास नंतर फ्लशचे झाले असतील तर विटांच्या कमानींवर पाणी सांडणारी खोली बसवली गेली. खालच्या गर्डरची टोकं तिथे भिंतीत गंजतात. प्रत्येक संडासाखालच्या गर्डरचं भिंतीतलं टोक उघडून पाहा.

---

भाडेपावती

खर्चाचं. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: इमारत दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊनही केली नाही तर भाडेकरू करून भाड्यातून वळती करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. जुन्या भाड्यावर यातून गॅलरीचा एक टेकाही निघत नाही. त्यामुळे मालक आणि सगळी बिऱ्हाडं यांनी आधी लेखी करार करावा: कोण किती घालणार, दुरुस्तीमुळे भाडेहक्क बदलत नाही, आणि विटांचे कठडे काढायला संबंधितांची संमती आहे. शेवटचं कलम सगळ्यात आधी सही करून घ्या, काम तिथेच अडतं.

---

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्यातल्या अशा इमारतींवर काम करताना पहिली नजर कठड्यावर जाते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपासारख्या धक्क्यात भार घेणारी भिंत तग धरली तरी डोक्यावरचा मोकळा कठडा सुटतो, कारण त्याला वरून दाब नसतो. तुमचा मधला उंच भाग फक्त चुन्याच्या चिकटपणावर उभा असेल, आणि खाली फूटपाथ आहे.

त्याला मागून दर सहा फुटांवर लोखंडी अँगलचा तिरपा टेकू द्या, गच्चीत बोल्टने धरलेला. शिवाय ८ मिलिमीटरच्या स्टेनलेस सळया दोन-दोन फुटांवर तिरप्या भोकातून खालच्या भिंतीत उतरवून चुन्याच्या पातळ मसाल्याने भरा. साधी सळई वापरू नका, गंजून कठडा आतून फोडते.

छिद्रं पाडायच्या आधी अक्षरांवर पातळ कागद लावून शिसाच्या कांडीने ठसा घ्या, मूळ मापात. प्रत्येक अक्षराची उंची, पुढे आलेली जाडी आणि दोन अक्षरांमधलं अंतर वहीत लिहा. ‘१८५७’ मधला ‘५’ किंवा ‘८’ थोडा फुटलेला असेल तर तो तसाच ठेवून फक्त मागून घट्ट करा.